फटकळपणा वेगळा, तुच्छता वेगळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी वरिष्ठांच्या हाताखाली काम करणाऱ्यांसाठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून सल्ले येतात. त्यांचा सूर बहुतेक वेळा एकच असतो: त्यांची पद्धत वेगळी आहे, मनाला लावून घेऊ नका, जुळवून घ्या. मी बरीच वर्षं सॉफ्टवेअर चाचणीचं काम करते आहे आणि चार देशांतल्या माणसांच्या टीममध्ये वावरते आहे. हा सल्ला अर्धाच आहे असं माझं ठाम मत आहे.

फटकळ वरिष्ठांबद्दल माझी काही तक्रार नाही. मी सुरुवातीला ज्या परदेशी बाईंच्या हाताखाली काम केलं, त्या ‘हा अहवाल चुकला आहे, पुन्हा लिही’ एवढंच म्हणायच्या आणि पुढच्या विषयाकडे वळायच्या. ऐकून धसका बसायचा. पण आपल्या वरिष्ठांनाही त्या तितक्याच रोखठोक सुनावत, आणि माझा मुद्दा पटला तर सगळ्यांदेखत तो मान्य करत. अहवाल कसा लिहावा हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

त्यांच्यानंतर आलेल्या परदेशी व्यवस्थापकांनी कधी आवाज चढवला नाही. बोलणं मृदू, चेहरा हसरा. मात्र रिग्रेशन टेस्टिंग (नवा बदल केल्यावर आधीचं काही बिघडलं नाही ना, याची फेरचाचणी) म्हणजे काय हे ते मला एकेक शब्द सुटा करत समजावून सांगायचे, आणि तेही मीच लिहिलेला आराखडा समोर उघडा असताना. आमच्यापैकी कुणी आकडा दिला की ‘तो तपासून घेऊ या’, आणि तोच आकडा त्यांच्या देशातल्या नवख्या सहकाऱ्याने दिला की ‘धन्यवाद, पुढे जाऊ’. कुणी मुद्देसूद मांडणी केली तर कौतुक व्हायचं ते इंग्रजीचं, मुद्दा तसाच राहायचा. काम लांबलं की, ‘तुमच्याकडे हे असंच चालतं, मला कल्पना आहे.’ यातलं कुठलंही वाक्य सुटं काढून दाखवलं तर ऐकणारा म्हणेल, यात काय एवढं? म्हणूनच हे सिद्ध करणं इतकं जड जातं. माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे: हाच माणूस हेच वाक्य याच सुरात आपल्या देशातल्या सहकाऱ्याला किंवा स्वतःच्या वरिष्ठाला ऐकवेल का? ऐकवत असेल तर तो त्याचा स्वभाव, आणि आपण सवय करून घ्यावी. नसेल, तर त्याला संस्कृतीचा फरक म्हणणं खोटं आहे.

याची किंमत फक्त मनाला मोजावी लागत नाही. आमच्या टीममधल्या एका तरुण मुलीला महिनाअखेरच्या तारखांच्या हिशेबात दोष दिसला होता. आदल्या बैठकीत तिच्या प्रश्नावर ‘हे कळायला तुला अजून वेळ लागेल’ असं उत्तर मिळालं होतं. ती गप्प राहिली आणि दोष थेट ग्राहकापर्यंत पोहोचला. दोष तिला माहीत होता हे मला नंतर कळलं, तेव्हा राग तिचा आला नाही. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक बाईंनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवरचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद जास्त आढळली होती, आणि त्याचं कारण त्यांनी दिलं ते असं की तिथल्या परिचारिका चूक उघडपणे सांगू शकत होत्या. आमच्याकडे नोंदी घटत चालल्या होत्या आणि वरच्या मजल्यावर त्याचाच आनंद होता.

संस्कृतीच्या नावाने दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाबद्दलही सांगायलाच हवं. डच अभ्यासक खेर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि त्यावरून अधिकारातल्या अंतराचा, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांमधली विषमता लोक किती गृहीत धरतात याचा निर्देशांक मांडला. त्यात मलेशियाला १०४, भारताला ७७ आणि ऑस्ट्रियाला ११ गुण आहेत. आमच्या व्यवस्थापकांना तो ७७ पाठ होता. ‘तुमच्या लोकांना वरून आदेश लागतो’, हे ते त्याच आकड्याच्या आधारे सांगत. पण देशाचा सरासरी आकडा एकेकट्या माणसाला चिकटवू नये, हे खुद्द हॉफस्टेड यांनीच बजावून ठेवलं आहे. ते आम्हाला कुठल्याच प्रशिक्षणात ऐकवलं गेलं नाही.

मी त्या व्यवस्थापकांशी एकटीने बोलले. ‘काल सगळ्यांसमोर तुम्ही मला रिग्रेशनची व्याख्या समजावलीत. हा आराखडा माझा आहे. मला व्याख्या नको, त्यातल्या उणिवा सांगा.’ एक ठरावीक प्रसंग आणि एक ठरावीक मागणी एवढंच मांडलं, ‘तुम्ही नेहमी असं करता’ हे मुद्दाम टाळलं. माझ्याशी ते जपून बोलू लागले. नव्या मुलांशी मात्र पूर्वीसारखेच. मग आम्ही तिघांनी तारीखवार नोंदी ठेवल्या: कोण काय बोललं, समोर कोण होतं, कामावर काय परिणाम झाला. मनुष्यबळ विभागाने आधी ‘गैरसमज असेल’ म्हणून बोळवण केली. ग्राहकापर्यंत गेलेल्या त्या दोषाची नोंद समोर ठेवल्यावर त्यांनी कागद हातात घेतले. आता दोषांच्या बैठकीचं अध्यक्षपद आळीपाळीने टीममधल्या प्रत्येकाकडे येतं आणि कुणी काय मांडलं याचं टिपण त्याच दिवशी सगळ्यांना जातं. व्यवस्थापक तेच आहेत, फार बदललेत असं मी म्हणणार नाही. पण ती मुलगी आता बोलते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या १९० क्रमांकाच्या करारात कामाच्या ठिकाणच्या छळाच्या व्याख्येत मानसिक इजाही धरली आहे, मग असं वागणं एकदाच घडलेलं असो वा वारंवार. कामाच्या ऑनलाइन संपर्कालाही तो लागू आहे. प्रत्येक तुसडं वाक्य म्हणजे छळ, असं माझं म्हणणं नाही. पण जगभरातल्या सरकारांच्या, मालकांच्या आणि कामगारांच्या प्रतिनिधींनी मिळून मान्य केलेली गोष्ट, ‘मनाला लावून घेऊ नका’ एवढ्यावर निकालात काढता येत नाही.

तेव्हा आपल्याला विनंती, की पुढच्या वेळी असा सल्ला छापाल तेव्हा कर्मचाऱ्याने काय करावं याबरोबरच दुसऱ्या देशातली माणसं हाताखाली घेणाऱ्या व्यवस्थापकाने काय शिकावं, यालाही जागा द्यावी. त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात हाताखालच्या माणसांचं मत धरलं जातं का, हे कंपन्यांना विचारणारा एखादा लेख आला तर मला आवडेल.

आपली विश्वासू,
सॉफ्टवेअर चाचणी क्षेत्रातील एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)