बाबा, इथेही पाण्याची पाळी आहे

प्रिय आई-बाबा,

नमस्कार. परवा फोनवर घाईघाईत काहीच नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय. इथे ओमानमधल्या जबल अल अखदर डोंगरावर जाऊन आलो. खाली बिरकत अल मौझला पोलीस चौकी आहे, फोर बाय फोर गाडी नसेल तर वर सोडतच नाहीत. वरचं सैकचं पठार 2000 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही वर, आणि खाली अंग भाजत असताना वर चक्क गार वारा. सगळा चुनखडीचा डोंगर, एकेकाळी टेथिस समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे हा, अजून दगडात समुद्री जीवांचे ठसे सापडतात.

पण बाबा, मला सगळ्यात जास्त तुमची आठवण आली ती पाण्यामुळे. पाऊस कमीच, जो पडतो तो दगडाच्या भेगांतून मुरतो आणि झऱ्यातून निघतो, तिथून दगडी पाटाने शेतात, त्याला फलज म्हणतात. प्रत्येकाची वेळ ठरलेली, पूर्वी दिवसा सावली बघून आणि रात्री चांदण्यांवरून पाळी मोजायचे! आपल्या पांझरा नदीवरच्या फडात, म्हणजे पाटाच्या सामायिक पाण्यावरच्या शेतीत, पाळीने पाणी सोडणारा पाटकरी असतो ना, तसा इथे अरीफ. पाण्याचा हिस्सा विकता येतो, काही हिस्सा मशिदीच्या नावावरही असतो. बिरकत अल मौझचा फलज अल खतमैन तर 2006 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आपल्या फडांचीही अशी कदर व्हायला हवी, मला मनापासून वाटतं.

याच डोंगरावर लढाईही झालीय. ओमानच्या आतल्या भागाचे धर्मप्रमुख इमाम गालिब यांची बंडखोर माणसं 1957 मध्ये वर चढून बसली, ओमानच्या सुलतान सईदने ब्रिटिशांना बोलावलं, विमानांनी बॉम्ब टाकले, शेवटी जानेवारी 1959 मध्ये ब्रिटिश कमांडो रात्रीतून कडा चढून वर आले. पायथ्याचं तनूफ गाव तेव्हा उद्ध्वस्त झालं, मातीच्या पडक्या भिंती अजून तशाच उभ्या आहेत, बघवत नाही. आणि या सईदचे वडील, सुलतान तैमूर, 1932 ला गादी सोडून पुढे आपल्या मुंबईत राहिले, 1965 मध्ये तिथेच वारले, हे मला इथे आल्यावर कळलं.

आई, तू एप्रिलमध्येच ये. तेव्हा अल ऐन, अल अक्र या गावांत उतरत्या वाफ्यांमधून पहाटे गुलाब तोडतात आणि मातीच्या भट्टीवर गुलाबपाणी काढतात, ते जरा तपकिरी असतं आणि त्याला धुराचा वास असतो, इथले लोक ते हलव्यात, काहव्यात म्हणजे अरबी कॉफीत घालतात. तुझ्या गुडघ्यांचं टेन्शन नको, गाडी गावापर्यंत जाते. बाबा, पासपोर्टची मुदत तेवढी बघून ठेवा, व्हिसाचं मी बघते.

तुमची,
ताई