पगार थांबल्यानंतरचे गणित शिकवणाऱ्या स्नेह्यास

आदरणीय स्नेही,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये ही आपली इच्छा मी पाळत आहे. तरीही हे पत्र केवळ आपल्याला न पाठवता सर्वांसमोर ठेवत आहे, कारण आपण मला जे समजावून दिलेत ते नुकत्याच निवृत्त झालेल्या अनेकांना कोणीच सांगितलेले नसते.

लवकर निवृत्त होण्यासाठी गुंतवणुकीचा अभ्यास करणाऱ्या आपल्या मंडळात मी आले, तेव्हा माझी नोकरी नियत वयोमानानुसार संपलेली होती. बाकीचे बहुतेक सदस्य तिशी-चाळिशीतले होते आणि बचतीचे प्रमाण कसे वाढवावे, आणखी किती वर्षे कमवावे, यावर त्यांची चर्चा चाले. जिचे कमावणे संपले आहे तिने यातून काय घ्यावे, असे मी विचारले, तेव्हा आपण म्हणालात की पगार थांबण्याचे वय कोणतेही असो, त्यानंतरचे गणित एकच असते. फरक पडतो तो पुंजी किती वर्षे पुरवायची एवढ्याचाच. त्या उत्तराने मला मंडळात जागा मिळाली.

मी विचारले होते गुंतवणुकीबद्दल आणि आपण विचारलेत खर्चाबद्दल. वर्षभराचा खर्च मांडायला लावून त्यातला अटळ भाग कोणता आणि मनात आले तर पुढे ढकलता येईल असा कोणता, हे आपण मला वेगळे करायला लावलेत. नियमित उत्पन्नातून अटळ खर्चाचा किती भाग भागतो हे पाहिल्यावर कळले की पुंजीवर येणारा भार संपूर्ण खर्चाचा नसून केवळ तुटीचा आहे. निवृत्तीनंतर सतत जाणवणारी धास्ती बरीचशी या एका वजाबाकीने कमी झाली.

मी सर्वांत जास्त ऋणी आहे ती परताव्याच्या क्रमाबद्दल आपण दिलेल्या उदाहरणासाठी. दोन निवृत्तांकडे प्रत्येकी 100 भाग पुंजी आहे आणि दोघेही दरवर्षी सुरुवातीला 5 भाग काढतात. पहिल्याच्या वाट्याला आधी 30 टक्के घट, मग 10 टक्के वाढ आणि शेवटी 30 टक्के वाढ येते; दुसऱ्याच्या वाट्याला हीच तीन वर्षे उलट्या क्रमाने येतात. काहीच काढले नसते तर दोघांची पुंजी जवळजवळ 100 वरच राहिली असती. प्रत्यक्षात पहिल्याकडे सुमारे 81 आणि दुसऱ्याकडे सुमारे 88 भाग उरतात. सरासरी तीच, खर्चही तोच, तरी तीनच वर्षांत एका वर्षाच्या खर्चाहून अधिक अंतर पडले, कारण पहिल्याला बाजार पडलेला असताना विकावे लागले आणि जे विकले ते पुढच्या तेजीत वाढायला शिल्लकच नव्हते. मी स्वतः कागदावर हे गणित केले, तेव्हाच मला उमगले की कमावत्या माणसाला जी मंदी स्वस्तात खरेदीची संधी देते, तीच मंदी नुकत्याच निवृत्त झालेल्याला सर्वाधिक घातक का असते. काही वर्षांची तूट भागेल इतकी रक्कम समभागांबाहेर, रोख व अल्प मुदतीच्या रोख्यांत ठेवण्याचे कारण मग वेगळे सांगावे लागले नाही.

चार टक्क्यांच्या नियमाविषयीची आपली शिस्तही मला फार मोलाची वाटते. अमेरिकी आर्थिक नियोजक विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये अमेरिकेतील 1926 पासूनच्या आकडेवारीवरून दाखवले की निम्मे ते पाऊण समभाग आणि उरलेले रोखे अशी पुंजी असल्यास, पहिल्या वर्षी तिच्या 4 टक्के रक्कम काढून पुढे ती महागाईनुसार वाढवत नेली, तरी किमान 30 वर्षे पुंजी पुरली. वार्षिक खर्चाच्या 25 पट पुंजी हवी, हे वाक्य यातूनच आले. पण हा एका देशाचा इतिहास आहे आणि मुदत 30 वर्षांची आहे, हे आपण प्रत्येक वेळी आवर्जून सांगता. चाळिशीत थांबणाऱ्याला पन्नास वर्षांची तरतूद करावी लागेल, त्याने हा आकडा आंधळेपणाने घेऊ नये. जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक 1989 च्या अखेरीस ज्या उंचीवर होता ती त्याने 2024 मध्ये ओलांडली, हे आपण दिलेले उदाहरण ऐकून मी सगळी गुंतवणूक एकाच देशाच्या बाजारात ठेवण्याचा विचार सोडला. अमेरिकेतही सर्वांत बिकट अवस्था 1929 च्या कोसळण्याआधी निवृत्त झालेल्यांची नव्हे, तर 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांची झाली, कारण मंदीच्या जोडीला त्यांच्या वाट्याला दीर्घकाळ महागाई आली. महागाईला मी तोपर्यंत इतका मोठा शत्रू मानले नव्हते. ती 6 टक्के राहिली तर बारा वर्षांत पैशाची खरेदीशक्ती निम्मी होते.

फंड आकारतात त्या शुल्काबद्दल थोडक्यात लिहिते. वार्षिक 6 टक्के परताव्यातून 1 टक्का शुल्कापोटी गेला, तर 30 वर्षांनी हाती येणारी रक्कम सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते. आपण हा हिशोब मांडलात आणि कमी शुल्काचे इंडेक्स फंड, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणेच गुंतवणूक करणारे फंड, निवडण्याचा निर्णय मी स्वतः घेतला.

कोणत्या फंडात पैसे ठेवावेत, हे मात्र आपण एकदाही सांगितले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा आपण म्हणालात की दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेली गुंतवणूक पहिल्या मोठ्या पडझडीत माणूस विकून टाकतो. शिवाय, सर्व कागद यजमानांसमवेत पाहा, दोघांपैकी कोणा एकालाच सारे ठाऊक असणे हीच मोठी जोखीम आहे, असेही आपण बजावलेत. त्यानुसार आम्ही दोघांनी मिळून खात्यांची यादी केली, वारसांची नोंद तपासली आणि कोणते पैसे कोणत्या क्रमाने काढायचे ते एका पानावर लिहून ठेवले. आता यजमानही तो हिशोब माझ्याइतक्याच सहजपणे सांगू शकतात.

आयुष्यभर साठवण्याची सवय लागलेल्याला खर्च करणे जड जाते, हे आपण माझ्या प्रश्नांवरून ओळखलेत आणि हिशोबात बसणारा खर्च निःशंकपणे करा, असे लेखी कळवलेत. ऐच्छिक खर्चाच्या रकान्यात आम्ही जे वर्षानुवर्षे पुढे ढकलत होतो, त्यातले बरेचसे या वर्षी करत आहोत. यासाठी आम्हा दोघांच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार. मंडळात यापुढे येणाऱ्या निवृत्तांना खर्चाचा पहिला तक्ता मांडायला मदत करण्याची जबाबदारी आपण माझ्याकडे द्यावी, अशी विनंती आहे.

आपली स्नेहांकित,
मंडळातील एक निवृत्त सदस्य