ओळखपत्र

चि. सुमेध,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर सांगितलेला प्रसंग मनातून जात नाही, म्हणून सवडीने लिहायला बसलो आहे. तू आणि तुझा कृष्णवर्णीय रूममेट रात्री तिथल्या, अमेरिकेतल्या तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिरत होता. दारावरच्या पहारेकऱ्याने त्याचे ओळखपत्र मागितले आणि तुला मात्र नुसती मान हलवून आत सोडले. तू आत जाऊन दोघांसाठी जागा धरलीस, पण तो आलाच नाही, खोलीवर परत गेला. "कार्ड खिशातच होते, दाखवून टाकायचे, एवढे मनाला काय लावून घ्यायचे," असे तू म्हणालास. त्यात तुझ्या मनात वाकडे काही नव्हते, हे मी जाणतो. तरीही ते वाक्य मला लागले, कारण नेमके तेच मी कधीकाळी ऐकले आहे.

मी १९८७ साली पुण्यात वसतिगृहात राहायला आलो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी खोलीतल्या मुलाने माझे नाव विचारले, मग आडनाव, मग गाव, आणि तेवढ्याने उलगडा होईना तेव्हा "म्हणजे तुम्ही कोण?" असे विचारले. यातला एकही प्रश्न उद्धटपणे विचारलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा पाण्याचा तांब्या टेबलावरून उचलून त्याच्या खाटेजवळच्या खिडकीत गेलेला दिसला, इतकेच. पुढे वर्गात आरक्षणाचा विषय निघाला की पुढच्या बाकांवरच्या माना माझ्याकडे वळत, आणि चाचणीत चांगले गुण पडले तरी मागून "सरकारी जावई" हे शब्द कानावर येत. खोलीत आणखी दोघे होते, स्वभावाने चांगले होते. ते मला समजावत की अरे, एवढे मनाला लावून घेऊ नकोस.

तुझ्या मित्राचे दुखणे एका रात्रीच्या ओळखपत्राचे नाही. गुलामगिरीवरचा धडा आला की साऱ्या वर्गाचे डोळे त्याच्याकडे वळत असतील, प्रयोगशाळेत जोड्या लावताना तो शेवटी उरत असेल, आणि त्याला प्रवेश गुणांवर मिळाला की वर्णावर, ही शंका तोंडावर नाही तरी नजरेत त्याला दिसत असेल. येल विद्यापीठात २०१८ साली वसतिगृहाच्या सामाईक खोलीत झोप लागलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीबद्दल दुसऱ्या विद्यार्थिनीने पोलिसांना फोन केला, आणि आपण तिथेच राहतो हे तिला खोलीचे कुलूप उघडून आणि ओळखपत्र दाखवून पटवावे लागले. तेव्हा तुझ्या मित्राकडे मागितलेले कार्ड एक होते, पण त्यामागचा प्रश्न त्याला रोजचा आहे: तू इथला आहेस कशावरून?

हा प्रश्न त्या देशात किती जुना आहे, ते तुला ठाऊक असावे. जॉर्ज मॅक्लॉरिन हे साठी ओलांडलेले कृष्णवर्णीय निवृत्त प्राध्यापक १९४८ साली डॉक्टरेटसाठी ओक्लाहोमा विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा त्यांना वर्गाला लागून असलेल्या वेगळ्या कोनाड्यात बसवले गेले, ग्रंथालयात वरच्या मजल्यावर त्यांचे मेज निराळे ठेवले आणि जेवणघरातही त्यांचे टेबल वेगळे नेमून दिले. प्रवेश दिला होता, फी घेतली होती, फळा दिसत होता, शिकवलेले ऐकू येत होते, आणि तरी ते वर्गात नव्हते. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला साताऱ्याच्या शाळेतले बाबासाहेबांचे गोणपाट आठवले, जे शिपाई शिवत नसल्यामुळे त्या लहान मुलाला रोज संध्याकाळी घरी न्यावे लागे आणि सकाळी परत आणावे लागे. मॅक्लॉरिन यांच्या खटल्यात १९५० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असे वेगळे बसवल्याने अभ्यासात आणि इतर विद्यार्थ्यांशी विचारांची देवाणघेवाण करण्यात अडथळा येतो. शिक्षण शेजारच्या विद्यार्थ्याकडूनही मिळते, हे न्यायालयाने मान्य केले, याचे मला फार मोल वाटते.

त्याआधी साठ वर्षांपूर्वी हार्वर्डमध्ये शिकणारे आणि पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले विचारवंत ड्यू बॉईस विद्यापीठाच्या वसतिगृहात नव्हे, गावातल्या एका कृष्णवर्णीय बाईंच्या घरी खोली घेऊन राहिले. आवाज चांगला असून तिथल्या गायकवृंदात त्यांना जागा मिळाली नाही. १८९५ साली त्याच हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. त्यांनाच बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीतले साम्य कळवले, आणि त्यांनी आपुलकीने उत्तरही दिले. तेव्हा तुझ्या मित्राचे दुःख आपल्या घराला परके नाही.

स्टॅनफर्डच्या वॉल्टन आणि कोहेन या संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपण इथे सामावू की नाही ही धास्ती पहिल्या वर्षी सर्वांनाच वाटते आणि पुढे ती ओसरते, एवढेच नव्या विद्यार्थ्यांना तासाभराच्या उपक्रमातून पटवून दिले, तर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षे वाढत गेले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेले अंतर निम्म्याने घटले. हे वाचून मला आनंद झाला. मात्र यातून सारे ओझे त्याच मुलाच्या मनावर टाकले जाऊ नये, असे मला कळकळीने वाटते. त्याने धीर धरावा हे खरे, पण दारावरचा पहारेकरी त्या तासाला हजर नसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाने विद्यापीठांच्या प्रवेशात वर्णाचा विचार करणे बंद झाले, आणि एमआयटीच्या पुढच्याच वर्षीच्या प्रवेशांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. वर्गात त्याच्यासारखे चेहरे जितके कमी, तितक्या अधिक माना त्याच्याकडे वळणार.

तू त्याच्या वतीने भांडावेस, असे मी म्हणत नाही. ते त्याला रुचेल की नाही, हे त्यालाच विचार. पण पुढच्या वेळी त्याला दारात थांबवले, तर जागा धरायला पुढे जाऊ नकोस. तिथेच थांब, तुझे ओळखपत्र न मागता बाहेर काढ, त्याच्या ओळखपत्राशेजारी धर, आणि दोघे बरोबरच आत जा.

आईने शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे, दोघांना पुरेल एवढी.

तुझा,
बाबा