‘एटीएक्स सपोर्टेड’ म्हणजे नेमके काय बसेल?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगणक स्वतः जुळवण्याविषयी वर्तमानपत्रांतून अधूनमधून मजकूर येतो. त्यात प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅमवर भरभरून लिहिलेले असते आणि कॅबिनेट, म्हणजे हे सगळे ज्यात बसते ते कवच, शेवटच्या ओळीत उरकलेले असते: ‘एखादे चांगले मिड टॉवर घ्या.’ या सल्ल्याने खरेदीदाराच्या हाती काहीच लागत नाही. मिनी टॉवर, मिड टॉवर, फुल टॉवर ही नावे कोणत्याही मानकात बसवलेली नाहीत. एका उत्पादकाचे मिड टॉवर दुसऱ्याच्या फुल टॉवरएवढे निघू शकते. मानक आहे ते मदरबोर्डाचे, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडतात त्या मुख्य बोर्डाचे. त्यामुळे मापे घ्यायची ती बोर्डापासून, हे खरेच. पण बहुतेकांची गफलत होते ती बोर्डाचे माप जुळले की काम झाले असे समजण्यात.

इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स या मानकाने पूर्ण आकाराच्या बोर्डाचे माप ३०५ × २४४ मि.मी. ठरवले. स्क्रूंच्या भोकांच्या जागा, मागच्या पोर्टांच्या खिडकीचा आकार (१५८.७५ × ४४.४५ मि.मी.) आणि दोन स्लॉटमधले, म्हणजे कार्डे खोचायच्या जागांमधले, २०.३२ मि.मी. अंतरही ठरले. १९९७ चे मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४, तर व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये आणलेले मिनी-आयटीएक्स १७० × १७० मि.मी. स्लॉट अनुक्रमे सात, चार आणि एक. लहान बोर्डांची वरची भोके मोठ्या बोर्डाच्या भोकांशी जुळतात, म्हणून मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो. उलटे अर्थातच नाही. खोक्यावर ‘एटीएक्स, मायक्रो-एटीएक्स, मिनी-आयटीएक्स सपोर्टेड’ छापलेले असते ते खरे असते, पण ते फक्त भोके आणि मागची खिडकी यांच्यापुरते. बोर्डावर उभा राहणारा प्रोसेसरचा कूलर, आडवे येणारे कार्ड, वरचा रेडिएटर (पाण्याने थंड करण्याच्या यंत्रणेची जाळी), वळणाऱ्या केबली यांच्यासाठी आत किती जागा सोडायची हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि ज्याचा तो ठरवतोही.

ई-एटीएक्सच्या बाबतीत तर पाटीवरही भरवसा ठेवता येत नाही. मूळ माप ३०५ × ३३० मि.मी.चे, पण याच नावाने २६५ किंवा २७७ मि.मी. रुंदीचे बोर्डही विकले जातात. कॅबिनेटवाल्यांनाही हे ठाऊक असल्याने ते बारीक अक्षरांत ‘ई-एटीएक्स, २८० मि.मी.पर्यंत’ असे टाकून मोकळे होतात. खरा ३३० चा बोर्ड तिथे बसवायला गेल्यास तो पुढच्या पंख्यांच्या दिशेने पुढे येतो आणि केबली ओढून घ्यायची रबरी तोंडे झाकून टाकतो. २८० चा बोर्ड बसला तरी ती तोंडे बऱ्याचदा अर्धी बंद होतात. इथे नाव सोडून द्यावे आणि बोर्डाची मि.मी.मधली रुंदी कॅबिनेटच्या आकड्याशी ताडावी. सर्व्हरसाठीचे एसएसआय-ईईबी बोर्डही याच आकाराचे असतात, मात्र त्यांची काही भोके वेगळ्या जागी असतात.

आता पितळी टेकू, म्हणजे स्टँडऑफ. बोर्ड पत्र्यापासून सुमारे साडेसहा मि.मी. वर उचलून धरणे एवढेच यांचे काम, पण नव्याने जुळवलेला संगणक सुरूच होत नाही तेव्हा संशयितांच्या यादीत हे वरच्या नंबरावर असतात. पूर्ण आकाराच्या एटीएक्स बोर्डाला साधारणपणे नऊ टेकू लागतात, मिनी-आयटीएक्सला चार. मायक्रो-एटीएक्स बोर्ड आखूड असल्याने त्याची खालची ओळ वर सरकलेली असते. कॅबिनेटमध्ये आधीपासून या ओळीत टेकू लावलेले असतील आणि तुम्ही वर पूर्ण एटीएक्स बोर्ड ठेवलात, तर त्या टेकूंवर भोक येत नाही. त्यांचा पितळी माथा बोर्डाच्या पाठीला, सोल्डरच्या टोकांना लागतो. मग बटण दाबले की पंखा अर्धा फेरा फिरून थांबतो, कारण एसएमपीएसने (वीजपुरवठ्याच्या डब्याने) शॉर्ट ओळखून पुरवठा तोडलेला असतो. नशीब बरे नसेल तर बोर्डही जातो. म्हणून बोर्ड आत ठेवण्यापूर्वी तो पत्र्यावर धरून भोके मोजा, नको असलेले टेकू काढा, हवे तिथे लावा. टेकू नुसत्या बोटांनी फिरवून सोडू नयेत. सोबतच्या छोट्या सॉकेटने घट्ट करावेत. नाहीतर पुढे कधी बोर्ड काढताना स्क्रूबरोबर टेकूही फिरत राहतो आणि दोन्ही सुटेनासे होतात. स्क्रूही दोन जातींचे येतात, बारीक आट्यांचे एम३ आणि जरा जाड, मोठ्या आट्यांचे ६-३२. पहिले दोन फेरे हाताने सहज गेले नाहीत तर स्क्रू चुकीचा आहे. पेचकसाने जोर लावून आटे मारू नका.

कमी किमतीच्या बोर्डांबाबत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ते नावाने एटीएक्स किंवा मायक्रो-एटीएक्स असले तरी रुंदीला २४४ ऐवजी जेमतेम दोनशेच्या आसपास असतात. त्यामुळे उजव्या कडेची भोकांची ओळच त्यांना नसते. रॅम आणि बोर्डाला वीज देणारा चोवीस पिनांचा प्लग नेमका याच अधांतरी कडेला बसतो. प्लग दाबताना बोर्ड डोळ्यांना दिसेल इतका वाकतो. रॅम बोर्ड बाहेर असतानाच बसवावी आणि प्लग दाबताना कडेखाली बोट धरावे.

मागच्या पोर्टांची पत्र्याची पट्टी वेगळी मिळत असेल तर ती बोर्डाच्या आधी, आतल्या बाजूने, चारही कोपरे ‘टक’ करेपर्यंत दाबून बसवायची असते. तिच्या स्प्रिंगच्या जिभा पोर्टांवर टेकल्या पाहिजेत, पोर्टात शिरता कामा नयेत. एचडीएमआय किंवा लॅनच्या तोंडात एखादी जीभ दुमडून अडकते आणि ते लक्षात येते सगळे स्क्रू लावून झाल्यावर. जुन्या ब्रँडेड तयार संगणकाचे कॅबिनेट वापरायचा विचार असेल तर आधी हीच खिडकी बघा. पुष्कळ मॉडेलांत ती वेगळी पट्टी नसून मागच्या पत्र्यातच त्या एका बोर्डापुरती कापलेली असते. शिवाय बटणाचा प्लग आणि एसएमपीएसचा आकारही तिथे स्वतंत्र असू शकतो. असे कॅबिनेट कितीही दणकट असले तरी नव्या बोर्डासाठी त्यात जीव रमवू नये.

कूलरची उंची हा सर्वांत सोपा आणि तरीही सर्वाधिक चुकणारा आकडा. एका पंख्याचे टॉवर कूलर साधारण १५५ ते १६० मि.मी., दोन मनोऱ्यांचे मोठे कूलर १६५ च्या आसपास. कॅबिनेटची मर्यादा १६० असेल तर १५८ चा कूलर कागदावर बसतो. कॅबिनेटच्या बाजूची काच लावताना मात्र उष्णतानलिकांची टोके तिला टेकू शकतात. चार-पाच मि.मी. हातचे राखावेत. पुढचा पंखा उंच रॅमवर चढवावा लागला तर कूलरची एकूण उंची तेवढ्याने वाढते, हेही हिशेबात धरावे. बोर्डामागच्या पत्र्याला प्रोसेसरच्या जागी मोठी चौकोनी खिडकी आहे का तेही पाहा; ती नसेल तर कूलरची मागची प्लेट बदलायला दरवेळी अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागतो.

ग्राफिक्स कार्डाचा हिशेब थोडा लांबचा आहे. समजा कॅबिनेटवर ‘कार्ड ३६० मि.मी.पर्यंत’ लिहिले आहे आणि कार्ड ३२० चे आहे. चाळीस मि.मी. मोकळे दिसतात. पण ३६० हा आकडा पुढे काहीही न लावता मोजलेला असेल, आणि तुम्ही पुढे रेडिएटर लावणार असाल, तर रेडिएटरचे २७ आणि पंख्याचे २५ असे ५२ मि.मी. वजा होऊन ३०८ उरतात. कार्ड बसत नाही. काही कॅबिनेटांत पंखे सांगाड्याच्या बाहेर, पुढच्या जाळीमागच्या पोकळीत बसतात. तिथे फक्त रेडिएटरचे २७ वजा करावे लागतात आणि तेच कार्ड बसते. आकडा एकच, निकाल दोन. हे चित्र पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून उत्पादकाच्या मॅन्युअलमधली आकृती उघडाच. कार्डाची जाडी स्लॉटांत मोजतात. अडीच स्लॉटचे कार्ड प्रत्यक्षात तीन अडवते. मायक्रो-एटीएक्स कॅबिनेटला चारच स्लॉट असतात. बोर्डाचा मुख्य स्लॉट दुसऱ्या क्रमांकावर असेल आणि कार्ड तीन स्लॉटचे असेल, तर त्याचे पंखे एसएमपीएसवरच्या झाकणाला जवळजवळ चिकटतात. कार्ड बसते, पण त्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही. सोळा पिनांच्या वीजजोडणीच्या कार्डांना आणखी एक अट आहे: केबल प्लगपासून सुमारे ३५ मि.मी. सरळ जायला हवी, मगच वळवायची. रुंद कार्ड आणि अरुंद कॅबिनेट असेल तर काच नेमकी या केबलीला दाबते. प्लग किंचित तिरका झाला की पिना तापतात, प्लास्टिक वितळते. असे कॅबिनेट मी तरी सुचवणार नाही, काच ‘बसते’ असे कोणी कितीही सांगो.

वर रेडिएटर लावायचा असेल तर छत आणि बोर्डाची वरची कड यांमधले अंतर पाहा. पंख्यासह रेडिएटरला ५२ मि.मी. लागतात. जागा कमी असेल तर तो बोर्डावर उतरतो आणि वीज-परिपथाच्या हीटसिंकला (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) किंवा रॅमच्या माथ्याला अडतो. रॅम साध्या पट्टीची असेल तर निभावते, पंचेचाळीस मि.मी.च्या दिखाऊ हीटसिंकची असेल तर नाही. ‘३६०’ चा (१२० मि.मी.च्या तीन पंख्यांचा) रेडिएटर प्रत्यक्षात सुमारे ३९५ मि.मी. लांब असतो, हेही विसरले जाते. प्रोसेसरच्या आठ पिनांचा प्लग वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. छताला पंखे लावल्यावर तिथे बोट जात नाही, म्हणून तो आधीच लावून ठेवावा.

एसएमपीएसबद्दल थोडक्यात. एटीएक्स प्रकाराची रुंदी-उंची १५० × ८६ ठरलेली, लांबी १४० पासून १८० च्याही पुढे. सुट्या केबलींच्या प्रकारात मागे प्लग वळायला आणखी पंचवीस-तीस मि.मी. लागतात आणि तिथेच हार्डडिस्कचा पिंजरा आडवा येतो. तो काढता किंवा सरकवता येतो का बघा. छोट्या कॅबिनेटांना १२५ × ६३.५ × १०० चा एसएफएक्स लागतो. असा छोटा एसएमपीएस जोडपट्टी लावून मोठ्या कॅबिनेटमध्येही बसवता येतो, मात्र त्याच्या केबली आखूड असल्याने वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतीलच असे नाही.

कॅबिनेट आणि बोर्ड यांची गाठ पडते ती पुढच्या बटण-पोर्टांच्या वायरींपाशीही, आणि ही गोष्ट खरेदीनंतरच सुचते. कॅबिनेटला पुढे टाइप-सी पोर्ट असेल तर बोर्डावर त्यासाठीचा वेगळा, लहान आयताकृती हेडर (प्लग लावायची जागा) लागतो. अनेक स्वस्त बोर्डांवर तो नसतो आणि मग पोर्ट निव्वळ शोभेला उरतो. रुंद यूएसबी ३ हेडरवरून अडॅप्टर लावता येतो. वेग ५ गिगाबिटच्या वर जात नाही. पॉवर एलईडीचा प्लग कधी तीन घरांचा, मधले रिकामे, असा येतो आणि बोर्डावर मात्र दोन पिना शेजारी शेजारी असतात. त्यासाठी दुकान गाठायची गरज नाही: प्लगची बारीक प्लास्टिक जीभ सुईने किंचित उचला, वायर मागे ओढून काढा आणि मधल्या घरात सरकवा. बटणाची वायर उलटसुलट कशीही चालते, एलईडीची चालत नाही.

पाठीमागे कनेक्टर असलेले बोर्ड अलीकडे आले आहेत. त्यांचे सगळे प्लग मागून लागतात, त्यामुळे कॅबिनेटच्या पत्र्याला त्या त्या जागी खाचा हव्यात. साध्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये ते टेकूंवर नीट बसणारच नाहीत, मग खोक्यावर माप ३०५ × २४४ का असेना. आणि ज्या छोट्या कॅबिनेटांत कार्ड रायझर केबलवर (बोर्डाचा स्लॉट लांबवणाऱ्या केबलवर) उभे राहते, तिथे केबलची पिढी पाहावी. पीसीआयई या कार्डजोडणीच्या मानकातील तिसऱ्या पिढीच्या केबलवर चौथ्या पिढीचे कार्ड लावले की पडदा काळा राहू शकतो. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) स्लॉट तिसऱ्या पिढीवर ठेवल्यावर बहुधा चित्र येते.

आता विनंती. आपल्याकडे कॅबिनेटविषयी मजकूर छापताना दिवे आणि काचेच्या वर्णनाला थोडी कात्री लावून पाच आकडे मि.मी.मध्ये द्यावेत: बोर्डाची कमाल रुंदी, कूलरची उंची, कार्डाची लांबी (पुढे रेडिएटर लावून आणि न लावता, दोन्ही), छत ते बोर्डाची कड हे अंतर आणि एसएमपीएसची कमाल लांबी. जोडीला टाइप-सी हेडर लागतो की नाही, एवढी एक ओळ. आकडे न कळवणाऱ्या विक्रेत्याच्या उत्पादनासमोर ‘माप दिलेले नाही’ असे स्पष्ट छापावे. जाहिरातदारांना ते रुचणार नाही, याची कल्पना आहे.

आपला,
संगणक जुळणी व दुरुस्तीच्या कामातील एक वाचक