घोडी बुजते, तेव्हा हॉर्न नको

महोदय,

गेल्या आठवड्यात माझी पाच वर्षांची घोडी गंगावेशीतून रंकाळ्याकडे नेत होतो. मागून एका डंपरनं अगदी खेटून हॉर्न दिला. ती बुजून आडवी उडाली, मी लगामाला लोंबकळलो, कोपर सोलवटलं. बघणारे ओरडले, 'चार फटके द्या की तिला!' मी दिले नाहीत. भ्यालेल्या जनावराला मारलं, तर गाडी आली की मार बसतो एवढंच ते शिकतं.

घोड्याला दोन्ही बाजूंचं बरंच दिसतं, पण थेट शेपटीमागचं दिसत नाही. तिथून कर्कश आवाज आला की पळणं हाच त्याचा स्वभाव.

आता रोज पहाटे फुलेवाडी रस्त्यालगत तिला माझ्या जुन्या, शांत घोड्याशेजारी उभी करतो. आधी रस्त्यावरच्या गाड्यांपासून पन्नास फुटांवर. मान खाली आली, कान सैल झाले, की चार पावलं पुढं. घाई केली की परत पहिल्यापासून.

चालकांनो, घोडा दिसला तर वेग कमी करा, हॉर्न देऊ नका, बैलगाडी मावेल एवढी जागा सोडून पुढं जा. आणि वरातवाल्यांनो, डॉल्बीच्या तोंडाशी घोडी उभी करायला सांगू नका.

– एक घोडेवाला, शिवाजी पेठ, कोल्हापूर