फार्मसीत जागतिक आरोग्य शिकवायचे, पण कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी फार्मसीचा शिक्षक. औषधे किती टिकतात हे तपासण्यासाठी जगाचे हवामान विभाग पाडले आहेत. तोंडी परीक्षेत त्यातला 'हवामान विभाग चार-ब म्हणजे काय?' असे विचारले की उत्तर झटकन येते : ३० अंश सेल्सिअस, ७५ टक्के आर्द्रता. मग मी विचारतो, अशा हवेत, फ्रिज नसलेल्या प्रसूतिगृहात ऑक्सिटोसिनचे, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या इंजेक्शनचे, काय होईल? बहुतेक जण गप्प होतात. ते २ ते ८ अंशांत ठेवायचे, हे त्यांना पाठ असते. पण उष्णतेने औषधाचा जोर ओसरला तरी कुपी तशीच स्वच्छ दिसते, तीच टोचली जाते आणि बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही, हा धागा कुणी जोडून दिलेला नसतो. त्याच कामाचे, पण उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आले, ते याच अडचणीपायी.

'फार्मसीत जागतिक आरोग्य शिकवा' असे म्हटले की हमखास दोन गोष्टी सुचवल्या जातात. एक, शेवटच्या वर्षाला ऐच्छिक विषय. दुसरी, ज्यांना परवडते त्यांच्यासाठी दूरच्या एखाद्या गरीब देशाची दोन आठवड्यांची फेरी. फोटो छान येतात. तिथल्या दवाखान्याला या पाहुण्यांची सरबराई करावी लागते, हे मात्र अहवालात येत नाही.

नवा विषय नकोच. आहेत त्याच विषयांत हे आले पाहिजे. डायएथिलीन ग्लायकॉल या ग्लिसरीनसारख्या दिसणाऱ्या विषारी द्रवाचेच घ्या. ग्लिसरीनच्या तपासणीत हे नाव येते आणि मुले ते किती चालते याची मर्यादा लिहून मोकळी होतात. मीही कित्येक वर्षे तेवढेच शिकवले. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचे औषध त्यात विरघळवून विकले गेले आणि शंभरावर माणसे दगावली. औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याची सक्ती तेव्हा नव्हती. तो माल जप्त करता आला तो 'एलिक्झिर' (म्हणजे अल्कोहोलमधले औषध) म्हणवूनही त्यात अल्कोहोल नव्हते म्हणून, म्हणजे नावातल्या खोटेपणाबद्दल! कायदा बदलला तो १९३८ मध्ये.

तरी २००६ मध्ये पनामात तेच घडले. चीनहून निघालेली पिंपे स्पेनमार्गे तिथे पोचली. ग्लिसरीन म्हणून आलेल्या त्या मालाचे सरकारी कारखान्यात खोकल्याचे औषध झाले. वाटेत प्रत्येक व्यापाऱ्याने मालाच्या शुद्धतेचे प्रमाणपत्र आपल्या नावाने नव्याने काढले, त्यात मूळ उत्पादकाचे नाव गळून पडले आणि पिंपातला द्रव तपासायचे कुणालाच सुचले नाही. २०२२ मध्ये गांबिया, इंडोनेशिया आणि उझबेकिस्तानात सिरप प्यालेली लहान मुले गेली. रसायन तेच, चाचणीही जुनीच आणि फारशी महाग नाही. ती का केली जात नाही, याचे उत्तर प्रयोगशाळेत सापडत नाही. ते खरेदी, व्यापार आणि नियंत्रणाच्या साखळीत शोधावे लागते, आणि त्या साखळीबद्दल आमचे विद्यार्थी जवळजवळ कोरे असतात.

प्रतिजैविकांचेही तसेच. रेणूच्या रचनेवरून त्यांचे गट आम्ही घोकून घेतो. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये त्यांची ॲक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह अशी विभागणी केली. नेहमी हाताशी असावी ती कोणती, जपून वापरायची कोणती आणि शेवटच्या उपायासाठी राखायची कोणती, हे त्यावरून कळते. ही विभागणी औषधशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

अडचण आम्हा शिक्षकांचीही आहे. आम्हाला हे कुणी शिकवलेले नाही. म्हणून सुरुवात प्रश्नपत्रिकेपासून करावी, असे मला वाटते. परीक्षेत आले की वर्गात आपोआप येते. ग्लिसरीनच्या पिंपासोबत आलेले, तीन व्यापाऱ्यांच्या हातून गेलेले एक प्रमाणपत्र विद्यार्थ्यासमोर ठेवा आणि दोनच गोष्टी विचारा : यावर कुणाचे नाव नाही? आणि हे पिंप तुम्ही उघडाल का?

आपला,
फार्मसीचा एक अध्यापक