दुखते आहे की नाही, तेवढे कळव

देवगड,
ज्येष्ठ वद्य १४

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा सासवडहून तुझा फोन आला तेव्हा मागे टाळ वाजत होते आणि तू हसत म्हणालीस, "बाबा, दिवे घाट चढेपर्यंत टाचा नुसत्या ठणकत होत्या, आता काही जाणवतच नाही." तुझ्या आईला ते ऐकून हायसे वाटले. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. ठणकतात म्हणाली असतीस, तर धीराचे दोन शब्द बोलून मी निजलो असतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी झालेला वाद उकरून काढण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. माझ्या पायासाठी अनवाणी वारीचा नवस तू मला न विचारता बोललीस, हे मनाला लागले, आणि रागाच्या भरात "तुझा विठोबा माझी करंगळी परत देणार आहे का?" असे मी बोलून गेलो. ते बोलायला नको होते. आपल्या घरातून आषाढीला आजवर कोणी गेलेले नाही, कारण मृगाचा पाऊस लागला की तरवा आणि लावणी यांतून आपल्याकडच्या माणसाला मान वर करता येत नाही. आजी कार्तिकीला जाई आणि म्हणे, विठोबाला आपली लावणी ठाऊक आहे. आषाढीला जाणारी तूच पहिली, आणि दिवसभर बँकेत खुर्चीवर बसणाऱ्या माझ्या मुलीने पुणे ते सासवड हा सुमारे ३० किलोमीटरांचा टप्पा एका दिवसात अनवाणी ओलांडला, हे मी वाडीत तिघांना सांगितले. तिसऱ्याला तर दोनदा सांगितले.

पण "जाणवत नाही" हा शब्द मला ऐकवत नाही. महाशिवरात्रीला कातळाच्या सड्यावरून अनवाणी कुणकेश्वरला गेलो होतो, तेव्हा मलाही काही जाणवले नव्हते. जत्रेतून मालवणी खाजे घेऊन मजेत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या आईला सारवलेल्या खळ्यात ओले तांबूस डाग दिसले; मांजराने काही मारले असावे असे समजून ती डागांमागे विहिरीपर्यंत आली, तर तिथे मी पाय धूत उभा होतो. जांभ्याची नखाएवढी कपची करंगळीच्या मुळाशी रुतली होती आणि मी तिच्यावर एक दिवस, एक रात्र चाललो होतो. पुढचे तुला माहीत आहे. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा दोरा तळव्याला कुठे टेकतो ते सांगा म्हणाले. ते केव्हा सुरू करतात याची मी वाट पाहत राहिलो, तोवर त्यांचे सात ठिकाणी टेकवून झाले होते. साखरेने पायाच्या नसा अशा मुक्या होतात.

तुला मधुमेह नाही, हे तू फोनवर म्हणण्याआधीच मी लिहून ठेवतो. पण ओवीच्या वेळी साखर वाढली होती, आणि बाळंतपणानंतर उतरलेली साखर पुढे कधीही डोके वर काढू शकते, म्हणून ती अधूनमधून तपासावी लागते. ओवी आता सहा वर्षांची झाली. या सहा वर्षांत तू किती वेळा तपासलीस? पालखीच्या वाटेवर आरोग्य पथके असतात, तिथे बोट टोचून घे. फोड सुईने फोडू नकोस आणि त्यातून दोराही ओवू नकोस. वरची कातडी हीच आतल्या जखमेची पट्टी असते. भिजलेले पाय कोरडे केल्याशिवाय निजू नकोस. रोज रात्री तळवे...

पाहा, पुन्हा मास्तरकी सुरू झाली. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी हातातला खडू सुटत नाही, क्षमा कर. रोज चालून कातडी निबर झाली असेल आणि म्हणून दुखायचे थांबले असेल, हेही शक्य आहे. तू सात वर्षांची असताना याच सड्यावर तुझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, आणि मी खांद्यावर घेतो म्हटल्यावर "मी चालणार" म्हणून तू माझ्या दंडाला चावली होतीस. कातळावर एक पाय उचलून उभी राहायचीस, तो निवला की दुसरा उचलायचीस. तेव्हा तुला चटके बसत होते आणि ते तोंडावर दिसत होते, म्हणून मी निर्धास्त मागून चालत होतो.

गुरवांचा धाकटा फलटणला येतो आहे. त्याच्याकडे भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या तेलाचा, गोळा दिला आहे; पळीत पातळ करून, कोमट असताना टाचेच्या भेगांत सोड, पण उघड्या जखमेवर लावू नकोस. सोबत माझा दाढीचा आरसा आहे. रात्री विजेरीच्या उजेडात तो तळव्याखाली धरून बोटांच्या बेचक्यांपर्यंत पाहा. मी रोज पाहतो. आईने चपला ठेवल्या आहेत. घालायच्या की नाही ते तू ठरव. पण फलटणहून पंढरपूरपर्यंतचे अंतर अजून बरेच उरलेले असेल आणि तुझा नवस माझ्या पायासाठी होता, तेव्हा तो सोडवण्याचा थोडा अधिकार मलाही असावा, असे मला वाटते.

फलटणला पोचलीस की फोन कर. ख्यालीखुशाली आईला सांग. मला फक्त टाचांना बोट दाबून पाहा आणि दुखते की नाही ते सांग.

तुझे,
बाबा

ता. क. आरसा परत आण. सध्या आईच्या पावडरीच्या डबीतल्या आरशात दाढी करतो आहे.